वांग, नथ आणि राखाडी दिसणारे गाल: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार. बहिणीच्या लग्नात आमच्या पार्लरने केलेल्या मेकअपबद्दल दोन स्टार देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. जेवणानंतरच्या फोटोंत गाल राखाडी दिसले, वरच्या ओठावरचा वांग (तपकिरी डाग) दुपारीच उघडा पडला, चेहरा पुरेसा उजळला नाही, आणि आदल्या दिवशी ब्लीच-फेशियल करायला आम्ही नाही म्हटलं. लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत, तेव्हा तुमचं वाईट वाटणं साहजिक आहे. वांग असलेल्या अनेक मुली हे वाचतील, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आधी राखाडी गालांचं. गडद डागावर त्वचेपेक्षा फिका कन्सीलर (डाग झाकायची क्रीम) किंवा पावडर पडली की खालचा तपकिरी रंग त्यातून निळसर-राखाडी होऊन वर येतो. म्हणून वांगावर थेट फाउंडेशन थापायचं नसतं, आधी करेक्टर, म्हणजे डागाचा रंग मारणारी रंगीत क्रीम, लागतो. गव्हाळ रंगाला पीच, सावळ्याला नारिंगी, त्याहून गडद त्वचेला तांबूस नारिंगी. डाग नुसता तपकिरी असेल तर करेक्टर नावापुरता, राखाडी झाक असेल तर थोडा जास्त. दोन्ही गालांना मिळून मसुराच्या दाण्याएवढा पुरतो. तो बोटाच्या टोकाने टिपत फक्त डागावर बसवायचा. डागाच्या बाहेर गेला की गाल केशरी दिसतो, आणि तो लपवायला फाउंडेशनचा थर वाढत जातो. करेक्टरवर चिमूटभर पावडर दाबायची, मग त्वचेच्याच शेडचा कन्सीलर, आणि शेवटी ओल्या स्पंजने दाबत फाउंडेशन. घासलं की खालचा करेक्टर सरकतो आणि डाग पुन्हा दिसू लागतो. ‘एवढासाच मेकअप लावला’ असं तुम्ही लिहिलंय. थर पातळ होते हे खरं, आणि ते तसेच हवेत. जाड थर मे महिन्यात मंगल कार्यालयात तासाभरात फाटतो.

तुम्हीच जोडलेले फोटो शेजारी ठेवून बघा. सप्तपदीपर्यंत दोन्ही गाल एकसारखे आहेत. पंगतीनंतरच्या फोटोत नाकाच्या बाजूला कॉम्पॅक्टची रेघ दिसते, आणि तो गळ्यापेक्षा सरळ सरळ फिका आहे. होमाजवळ बसून आलेल्या घामावर तो फिरवला गेला. घाम न टिपता पावडर लावली की ती ओली होऊन चिकटते, गोळे होतात आणि वांगावर नेमका राखाडी पट्टा उमटतो. घरच्या कुणीतरी मायेनेच केलं असणार, त्यात कुणाचा दोष काढायचा नाही. पण टचअपची रीत ठरलेली आहे: टिश्यूची घडी गालावर दाबून घाम टिपायचा, पुसायचा नाही, मग मेकअपच्याच शेडची पावडर पफने दाबायची, तीही चकाकतं तिथेच. याच कामासाठी पिशवीत टिश्यू, पफ आणि तिच्या शेडची पावडर दिली होती.

वरच्या ओठाबद्दल मात्र तुमचं म्हणणं अर्धं मान्य. चेहऱ्यावर मेकअप टिकायला सगळ्यांत अवघड जागा तीच. तिथे घाम आधी येतो, घास भरवताना हात लागतो, नाक पुसलं जातं, आणि मराठी नवरीला नथ असते. मोत्यांची नथ वरच्या ओठावर टेकते आणि बोलताना, हसताना तोच भाग घासत राहते. कपाळावर वांग असेल तर मुंडावळ्यांचा दोरा हेच करतो. उपाय आहेत. त्या जागी साध्या फाउंडेशनऐवजी क्रायोलान कंपनीच्या डर्माकलरसारखी कॅमोफ्लाज क्रीम (डाग पूर्ण झाकणारी दाट क्रीम) लावून तिची फिक्सिंग पावडर भरपूर दाबायची, पाच मिनिटं तशीच ठेवायची आणि मग ब्रशने झटकायची. नथ हलकी आणि ओठापासून किंचित वर राहील अशी निवडायची, जेवणाआधी काढून ठेवायची. एवढं करूनही जेवणानंतर ओठावर एकदा टचअप करावाच लागतो. दिवसभर हात न लावता टिकेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता उजळपणाचं. फाउंडेशनची शेड आम्ही गळा आणि छातीवरून घेतो, दारात दिवसाच्या उजेडात बघतो, आणि लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबतो, कारण काही फाउंडेशनं हवा लागली की गडद होतात. दोन शेड गोरं करा म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो आणि म्हणत राहू. कारण वर सांगितलंच आहे: फिका थर आणि खाली वांग म्हणजे राखाडी चेहरा. त्यात फ्लॅश पडला की टायटॅनियम डायऑक्साइड किंवा सिलिका जास्त असलेली पावडर पांढरी चमकते. म्हणून ट्रायलच्या दिवशी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघायचा. हळदीच्या दुसऱ्या दिवशी तर जास्तच जपावं लागतं. चेहऱ्यावर पिवळी झाक उरलेली असते, तिच्यावरून शेड निवडली तर चुकते.

ब्लीचला नकार दिला तो तिच्या त्वचेसाठीच. ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो. ते लव फिकी करतं, वांग नाही. उलट आग झाली, त्वचा लाल झाली, तर वांगाच्या त्वचेवर त्या जागी नवा काळा डाग राहू शकतो. वाफ आणि स्क्रबचं फेशियलही आदल्या दिवशी नको. थ्रेडिंग, वॅक्सिंग तीन-चार दिवस आधी उरकावं. लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीला एक कळकळीची विनंती: मेडिकलमधून आपल्या मनाने ‘गोरेपणाची’ ट्यूब आणून लावू नका. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र असलेल्या क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा छान दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, आणि अशा त्वचेवर साधं सनस्क्रीनही झोंबतं. ती क्रीम वाईट नाही, पण त्वचारोगतज्ज्ञ सांगतील तेवढेच दिवस लावायची असते.

मेकअपने वांग झाकला जातो, नाहीसा होत नाही. रोजच्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे त्वचेच्या रंगाचं, एसपीएफ 50 सनस्क्रीन घ्यावं. डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही वांग गडद होतो आणि पांढरं सनस्क्रीन तो प्रकाश पुरेसा अडवत नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या पूर्ण लांबीवर रेघ भरेल एवढं लागतं. रात्री मेकअप काढताना क्लीन्झिंग बाम हलक्या हाताने फिरवून मऊ कापडाने टिपा. वाइप्सने खसाखसा घासल्यानेही वांग चिडतो.

बहिणीची पूजा आणि रिसेप्शन अजून व्हायचंय असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी तिला एकदा ट्रायलला घेऊन या, त्याचे पैसे घेणार नाही. येताना तीच नथ आणि घरातला तो कॉम्पॅक्ट आणा. ओठावर डर्माकलर लावून, नथ घालून, तिला दोन तास घरी पाठवू आणि परत आल्यावर उजेडात बघू. टचअप कोण करणार आहे त्यांनाही सोबत आणा, पाच मिनिटांत दाखवून देऊ. सोमवारी पार्लर बंद असतं, बाकी कोणत्याही दिवशी सकाळी अकराच्या आत आलात तर बरं, तेव्हा दारात ऊन चांगलं असतं.