‘फ्रिज शोभेचा, कामाचा नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आत बिअरचा केग, म्हणजे धातूचं पिंप, ठेवून नळातून बिअर काढायची, असा फ्रिज आम्ही तुम्हाला करून दिला. त्यावर तुमचा दोन तारे दिलेला अभिप्राय काल रात्री वाचला. रागात काही लिहू नका, सकाळी लिहा, असं घरच्यांनी बजावलं म्हणून आत्ता लिहितोय.

आधी माफी. फ्रिज ९ दिवस उशिरा पोचला, डाव्या बाजूला तळाशी बोटभर ओरखडा होता आणि शनिवारी पाहुण्यांसमोर तुमची पंचाईत झाली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ओरखडा आमच्याच माणसाकडून उतरवताना पडला, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही.

पण तुम्ही लिहिलंय, ‘नळ उघडला की बिअर कमी आणि फेसच जास्त. अर्धा केग मोरीत ओतला. यांना फ्रिज रंगवता येतो, बनवता येत नाही.’ सर, रंगकाम मी अलीकडे शिकलो. फ्रिज मात्र १७ वर्षं उघडतोय. तुम्ही उलटं लिहिलं असतंत तर एक वेळ चाललं असतं.

फेसाचं आधी सांगतो, कारण तुमचं वाचून दोन जणांनी फोनवर तेवढंच विचारलं आणि एकाने दिलेलं काम थांबवलं. आमचं दुकान म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ आणि एक मदतनीस. महिन्याला दोन फ्रिज होतात. त्यातला एक थांबला की काय होतं, ते वेगळं सांगत नाही.

भरलेला केग तुम्ही शनिवारी दुपारी गाडीतून आणलात. १९ लिटरचा. चारच्या सुमारास फ्रिजमध्ये ठेवलात आणि सातला पहिला ग्लास भरलात. हे मी अंदाजाने म्हणत नाही, तुम्हीच फोनवर सांगितलं होतं. मी विचारलं, ‘बिअर गार झालीय का?’ तुम्ही म्हणालात, ‘डिस्प्लेवर ४ दिसतंय.’ तिथेच सगळी गफलत आहे. डिस्प्लेवरचे ४ अंश म्हणजे फ्रिजमधल्या हवेचं तापमान. हवा अर्ध्या तासात गार होते. १९ लिटर बिअर आतून गार व्हायला जवळपास पूर्ण दिवस लागतो. घरचा फ्रिज हळूच उष्णता काढतो, त्याचा कॉम्प्रेसर बर्फाच्या कारखान्याचा नसतो. तीन तासांत केगचा पत्रा हाताला गार लागला असेल, पण आतली बिअर कोमटच होती.

कोमट बिअरमध्ये गॅस टिकत नाही. सोड्याची गरम बाटली उघडून पाहा, तसंच. गारव्यात कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये विरघळून राहतो, ऊब लागली की सुटायला बघतो. केगमध्ये दाब असतो म्हणून तो कसाबसा थांबतो, पण नळीतून नळाकडे येताना दाब उतरतो आणि तो सगळा एकदम बाहेर पडतो. त्यात केग गाडीत हिंदकळत आलेला. अशा केगला जगातला कुठलाही नळ लावा, फेसच येणार.

त्यानंतर जे झालं ते खरं तर लिहिणार नव्हतो. पण अभिप्रायात ते नाही, म्हणून लिहावं लागतंय. केगला दाब देणारा गॅस सिलिंडरमधून येतो आणि तो दाब रेग्युलेटरवर कमी-जास्त करता येतो. फेस आला म्हणून तुमच्या मित्रांपैकी कुणीतरी तो रेग्युलेटर ३ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) आणला. दाब कमी केला की फेस कमी होईल असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही सुरुवातीला वाटायचं. होतं उलटंच. केगमधला दाब कमी पडला की बिअरमधला गॅस नळीतच सुटायला लागतो आणि नळातून नुसते फुसकारे येतात. मग धार बारीक झाली म्हणून कुणीतरी काटा ३० वर नेला. सोमवारी मी आलो तेव्हा काटा ३० वरच होता. मी १२ वर लावून दिला होता, तिथे पांढऱ्या रंगाने खूणही केली होती. ४ अंशांच्या आसपास गार झालेल्या साध्या बिअरला १० ते १२ पुरतात. ३० वर दोन रात्री राहिली तर बिअरमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस मुरतो आणि मग ती गार असली तरी फेसाळते.

सोमवारी मी काय केलं ते तुम्हाला आठवत असेलच. गॅस बंद केला, केगचा जास्तीचा दाब सोडला, तासाभराने पुन्हा सोडला, मग १२ वर लावलं. जाता जाता आधीची दीड मीटरची नळी काढून तीन मीटरची टाकली. ती केवळ खबरदारी म्हणून. बारीक नळी जितकी लांब तितका वाटेत दाब जिरतो आणि धार शांत येते. पहिली नळी चुकीची होती असं नाही, पण थोडी आखूड होती हे मान्य करतो. त्यानंतर तुम्ही स्वतः ग्लास भरलात. वर दोन बोटं फेस, खाली स्वच्छ बिअर. ‘आज बरा आलाय,’ असं म्हणालातही. आणि बुधवारी हा अभिप्राय. माझ्या जिव्हारी लागलं ते हे.

‘फोन उचलत नाहीत’ असंही लिहिलंय. शनिवारी सात वाजून गेल्यावर आपण चाळीस मिनिटं बोललो. मी जेवणाच्या पानावरून उठलो होतो. रात्री साडेअकराचे दोन फोन उचलले नाहीत, हे खरं आहे. झोपलो होतो.

सिलिंडरचं एका वाक्यात सांगणार होतो, पण एका वाक्यात ते बसत नाही. ‘गॅस कमी भरून दिला’ असं तुम्ही म्हणता, कारण फ्रिजमध्ये ठेवल्यावर सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या मोठ्या मीटरचा काटा खाली आला. सर, त्या सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. २० अंशांना त्याचा दाब सुमारे ५७ बार (बार हेही दाबाचंच माप) असतो, ४ अंशांना तोच सुमारे ३९ बार होतो. गॅस तितकाच राहतो, फक्त गार झालेला असतो. शेवटचा थेंब संपेपर्यंत तो काटा जवळपास तिथेच राहतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून सिलिंडरमध्ये किती उरलंय ते मीटरवर बघायचं नसतं, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून वजन करायचं असतं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या गळ्यावर कोरलेलं आहे. तुम्ही कधीही ताडून पाहा, मी येऊन करून दाखवतो.

उशिराबद्दल माफी मागितलीच आहे. तरी ९ दिवस कुठे गेले ते सांगू द्या. आपलं ठरलं होतं की नळ दारावर बसेल. दाराला भोक पाडून झालं, रंग झाला, आणि मग तुम्हाला वर लाकडी फळी आणि पितळी टॉवर, म्हणजे नळ बसवायचा उभा खांब, हवा झाला. कल्पना चांगली होती, आज फ्रिज देखणा दिसतो तो त्यामुळेच, हे मीही मान्य करतो. पण दारातलं भोक बुजवायचं, त्यावर पुट्टी, पॉलिश पेपर, प्राइमर, मग दोन हात रंग, आणि प्रत्येक हात वाळायला वेळ. घाई केली तर महिन्याभरात पापुद्रे निघतात.

शिवाय दाराला भोक पाडणं सोपं असतं, दारात फक्त पत्रा आणि पफ, म्हणजे गारवा धरणारा फोम. छताचं तसं नाही. तुमच्या फ्रिजमध्ये वरच्या बाजूलाच बर्फाचा कप्पा, आणि त्याच्या पत्र्यातूनच फ्रिज गार करणाऱ्या गॅसच्या नळ्या फिरतात. एक नळी फुटली की फ्रिज भंगारात. तुमच्या फ्रिजमध्ये आर-६००ए आहे, म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेतो. ड्रिलची ठिणगी आणि फुटलेली नळी एकत्र आली तर काय होईल याचा विचार मी करतो, गिऱ्हाइकाने करावा अशी अपेक्षा नाही. म्हणून मी स्पिरिटमध्ये कॉर्नफ्लॉवर कालवून आतून पातळ लेप दिला, फ्रिज चालू केला आणि बघत बसलो. नळी जिथून जाते तिथला लेप वेगळा वाळतो, तिची रेघ उमटते. त्या रेघा खडूने गिरवल्या, मोकळी जागा शोधली, आणि आधी बारीक भोक पाडून मग होल सॉ, म्हणजे मोठं गोल भोक कापायचं पातं, लावला. यात दोन दिवस गेले. हे काम दिसत नाही, म्हणून अभिप्रायातही येत नाही.

तुमची एक गोष्ट मात्र बरोबर आहे. केग एक दिवस आधी ठेवायचा, काट्याला हात लावायचा नाही, हे ठळक लिहिलेलं असायला हवं होतं. लिहिलेलं होतंही, पण कागदावर, आणि तो कागद ड्रिप ट्रेच्या, म्हणजे नळाखालच्या तबकाच्या, खोक्यात होता. खोकं बहुतेक टाकलं गेलं. मी दारावर स्टिकर लावत होतो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, ‘नको, शोभा जाईल.’ तेव्हाच दाराच्या आतल्या बाजूला लावायला हवा होता, ते मला सुचलं नाही.

यापुढे स्टिकर आत लावू, सगळ्यांनाच लांब नळी देऊ, केगला चिकटवायचा छोटा थर्मामीटर द्यायचा विचार आहे आणि वेळेच्या बाबतीतही लक्ष घालू. पितळी टॉवर बाहेरच्या हवेत तापतो, त्यामुळे गार केगचाही पहिला ग्लास थोडा फेसाळतोच. त्यासाठी संगणकात असतो तसा छोटा पंखा आत बसवून गार हवा टॉवरमध्ये ढकलता येते. तुमच्याकडे तो राहून गेलाय. पुढच्या आठवड्यात, नाहीतर त्याच्या पुढच्या, येऊन बसवतो. ओरखड्यावरही तेव्हाच हात फिरवतो, रंगाचा तोच डबा ठेवलाय. त्याचं काही द्यायचं नाही.

तारे बदला असं मी म्हणणार नाही. तुमचा हक्क आहे. फक्त ‘बनवता येत नाही’ एवढं वाक्य जमलं तर काढा. माझा भाऊ रात्रभर तेच वाचत बसला होता, कारण भोक त्याने पाडलंय.

आपला,
फ्रिजवाला

ता.क. केग संपला असेल तर तसाच ठेवू नका. गॅस बंद करून दाब सोडा, नळी आणि नळ कोमट पाण्याने धुऊन घ्या. नळात बिअर वाळली की दांडा चिकटतो, आणि मग जोर लावून ओढला तर तुटतो. वापर चालू असेल तर दर दोन आठवड्यांनी नळीतून साफ करायचं औषध फिरवायचं, ती बाटली खालच्या कप्प्यात ठेवली आहे. हातमोजे घालून वापरा आणि नंतर भरपूर पाणी सोडा.