हर्लीचे सगळेच फोटो खोटे?

“फ्रँक हर्लीचा पहिल्या महायुद्धातला तो गाजलेला फोटो बनावट होता. मग त्याचे अंटार्क्टिकाचे फोटो तरी खरे कशावरून?” असा मजकूर फिरतोय. त्यातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो.

फोटो जोडलेला होता, यात वाद नाही. हर्ली १९१७ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याचा अधिकृत छायाचित्रकार होता. खंदकातून उसळणारे सैनिक, धूर, डोक्यावर विमानं हे दृश्य त्याने बारा निगेटिव्ह जोडून रचलं. त्यातले सैनिकही सरावातले. पण हे गुपित आज फुटलेलं नाही. युद्धवार्ताहर चार्ल्स बीन तेव्हाच भडकला होता. हर्लीने राजीनाम्याची धमकी देऊन मोजक्या जोडचित्रांची परवानगी पदरात पाडून घेतली. लढाई एका निगेटिव्हमध्ये मावत नाही, हा त्याचा बचाव. मला विचाराल तर बीनचंच बरोबर होतं.

म्हणून युद्धाचे सगळेच फोटो बाद? बेल्जियममधल्या शातो वुड या जंगलाचा बघा, २९ ऑक्टोबर १९१७ चा. जंगलाची नुसती खोडं उरलीत, खाली चिखल-पाणी, आणि फळ्यांच्या वाटेवरून पाच सैनिक चाललेत. एकच निगेटिव्ह, जोडकाम नाही.

आता अंटार्क्टिका. हर्ली तिथे अर्नेस्ट शॅकल्टनच्या मोहिमेचा छायाचित्रकार होता. बर्फात अडकलेल्या त्यांच्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजाचा रात्रीचा फोटो फार झगमगीत दिसतो, म्हणून ‘बनावट’. ऑगस्ट १९१५ मधल्या त्या रात्री हर्लीने जहाजाभोवती वीसेक फ्लॅश लावले होते. अंधारात उजेड करणं म्हणजे खोटेपणा नव्हे. पुढे बर्फाने जहाज चिरडलं, तेव्हा हा गडी कपडे उतरवून आतल्या गोठणाऱ्या पाण्यात शिरला आणि झाळून बंद केलेले काचेच्या निगेटिव्हचे डबे बाहेर काढले. ओझं झेपणारं नव्हतं. शॅकल्टनबरोबर बसून त्याने सव्वाशेच्या आसपास काचा निवडल्या आणि उरलेल्या चारेकशे तिथेच फोडल्या, पुन्हा मोह नको म्हणून.

खरा आक्षेप घ्यायचाच तर तो एलिफंट बेटाच्या फोटोवर घ्यावा. जहाज गेल्यावर ही माणसं होड्यांतून याच बेटावर पोचली होती. २४ एप्रिल १९१६ ला शॅकल्टन मदत आणायला होडीतून निघाला, त्याला निरोप देणारी माणसं त्यात आहेत. पुढे तोच फोटो ‘सुटका’ म्हणून दाखवला गेला. सुटका झाली ३० ऑगस्टला, चिलीच्या ‘येल्चो’ बोटीने. बारा निगेटिव्हच्या चित्रापेक्षा मला हे जास्त खटकतं, कारण इथे घडलेला प्रसंगच बदलला. फिरणाऱ्या मजकुरात नेमका याचाच उल्लेख नाही.