डक्टलेस चिमणीच्या भरवशावर खिडकी बुजवू नका

स्वयंपाकघर नव्याने करायला निघालेल्या घरांत एक सल्ला हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा : "चिमणी आता डक्टलेस, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपाशिवायची मिळते, त्यामुळे भिंतीला भोक नको की खिडकी नको. ड्राय बाल्कनी आत घ्या, खिडकीच्या जागी कपाटं करा, मधोमध एक मोठा एलईडी पॅनेल लावा, गॅसचा पाइप टाइलमागे लपवा. घर आपलं, परवानगी कशाला?" यातल्या काही चुका नुसत्या पैशाच्या आहेत, तर काही जिवावर बेतणाऱ्या. म्हणून एकेक वाक्य वेगळं घेऊ.

"डक्टलेस चिमणी असली की धूर बाहेर काढावा लागत नाही."

डक्टलेस चिमणी हवा बाहेर टाकतच नाही. ओट्यावरची हवा ती खेचते, जाळीत तेल अडवते, कोळशाच्या फिल्टरमध्ये थोडा वास शोषते आणि तीच हवा परत खोलीत सोडते. आता गॅस जळताना काय होतं ते बघा. एक किलो एलपीजी जळला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ आणि 3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे 14.2 किलोचा सिलिंडर संपेपर्यंत नुसत्या ज्योतीतून 22 लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन घरात येतं. भाताची वाफ, कुकरच्या शिट्ट्या वेगळ्याच. कोळसा ही वाफ अडवत नाही, उष्णता अडवत नाही आणि अर्धवट ज्वलनातून येणारा कार्बन मोनॉक्साइडही अडवत नाही. पावसाळ्यात बाहेरची हवा आधीच ओली असते, तेव्हा याचा पुरावा वरच्या कपाटांत मिळतो : मागच्या फळीवर काळी बुरशी, कडेला फुगलेला प्लाय, बिजागऱ्यांवर गंज. शिवाय तो कोळसा कायमचा नसतो. रोज फोडण्या होणाऱ्या घरात तीन ते सहा महिन्यांत बदलावा लागतो.

गोंधळ बहुधा शब्दांचा आहे. "फिल्टरलेस" म्हणजे "डक्टलेस" नव्हे. फिल्टरलेस चिमणीत जाळीऐवजी मोटरच्या फिरण्यानेच तेल बाजूला फेकलं जाऊन वाटीत जमा होतं. हवा मात्र तिलाही पाइपातून बाहेरच टाकायची असते.

"चिमणीचा आकडा मोठा घ्या, बाकी बघायला नको."

आठ बाय दहा फुटांचं, नऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे जेमतेम 20 घनमीटर हवा. तासाला पंधरा-वीस वेळा ती बदलली तर 300 ते 400 घनमीटर पुरतात. डब्यावर तासाला 1200 किंवा 1400 घनमीटर छापलेलं असतं, पण तो आकडा पाइप न जोडता, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. पाइप जोडल्यावर उरतं काय, हे पाइपच ठरवतो. बहुतेक चिमण्यांचं तोंड सहा इंची असतं. खोबणीत बसत नाही म्हणून चार इंची पाइप जोडला तर हवेचा मार्ग निम्म्याहून कमी, साधारण 44 टक्के उरतो. मग मोटर ओरडते आणि फोडणीचा ठसका हॉलपर्यंत जातो. चिमणी बिघडली म्हणून तक्रार होते, दोष मात्र पाइपात असतो.

तेव्हा पाइप पूर्ण सहा इंचीच ठेवा. लवचिक पाइप ताणून सरळ बसवा, चुण्या ठेवू नका, कारण तेल चुण्यांतच साचतं. काटकोनी वळण एक, फार तर दोन. बाहेरच्या तोंडाशी उलटी हवा अडवणारी झडप आणि पावसाची टोपी हवी, आणि भिंतीतल्या भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार. पाइप इमारतीच्या प्लंबिंग शाफ्टमध्ये सोडू नका. ते तेल पाइपांवर थिजतं, वास वरच्यांच्या बाथरूममध्ये जातो आणि कधी आग लागलीच तर तो शाफ्ट तिला वर चढायला वाट करून देतो. चिमणीची उंची शेगडीपासून साधारण 65 ते 75 सेंटिमीटर. त्याहून वर गेली की वाफ बाजूने निसटते.

"खिडकीची गरज नाही, ड्राय बाल्कनी आत घ्या."

सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच वाक्याची. चिमणी हवा बाहेर फेकते तेव्हा तितकीच हवा कुठून तरी आत यावी लागते. खिडकी बंद असेल तर चिमणी ती मोरीच्या जाळीतून, दाराच्या फटीतून ओढते, आणि गॅस गीझर जवळ असेल तर त्याच्या धुराड्यातून. अनेक फ्लॅटमध्ये गीझर ड्राय बाल्कनीतच असतो. ती काचेने बंद करून स्वयंपाकघराला जोडली की गीझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी उलटा आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस ते थकव्यावर ढकलतो. म्हणून गॅस गीझर मोकळ्या हवेतच ठेवा, नाहीतर तो काढून विजेचा बसवा.

नियमही इथे स्पष्ट आहे. महाराष्ट्रात स्वयंपाकघराला मोकळ्या जागेकडे उघडणारी किमान एक चौरस मीटरची खिडकी लागते. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, हे माप घेताना लक्षात ठेवा. खिडकी ठेवून तिच्या वरच्या भागात एक्झॉस्ट बसवणं हा साधा आणि चांगला उपाय आहे.

"मधोमध एक मोठा पॅनेल पुरे."

ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की मधला दिवा पाठीमागे येतो आणि आपलीच सावली विळीवर किंवा सुरीखालच्या पाटावर पडते. उपाय स्वस्त आहे. वरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेजवळ ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये एलईडी पट्टी लावा. दोन मीटर लांब, 60 सेंटिमीटर खोल ओट्यावर 400 लक्स (दर चौरस मीटरला 400 ल्युमेन) प्रकाश हवा असेल तर तिथे सुमारे 480 ल्युमेन पोहोचायला हवेत. निम्मा प्रकाश वाया गेला तरी 1000 ल्युमेनची पट्टी पुरते. ओटा लांबलचक असेल तर 24 व्होल्टची घ्या, 12 व्होल्टची पट्टी टोकाला मंद पडते. पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर शेगडीच्या डोक्यावर नको, हात पोहोचेल अशा जागी हवा.

"गॅसचा पाइप टाइलमागे लपवा."

सांधा गळू लागला तर साबणाचा फेस लावून तपासायचं कुठे? पीएनजीची, म्हणजे पाइपातून येणाऱ्या गॅसची लाइन हलवायचं काम वितरक कंपनीच्या अधिकृत माणसांचं आहे, सुताराचं किंवा प्लंबरचं नाही. पीएनजी हवेपेक्षा हलका, तो छताशी साचतो, म्हणून वरती झरोका हवा. एलपीजी जड, तो जमिनीलगत पसरून मोरीत उतरतो. सिलिंडर कपाटात ठेवायचा असेल तर दाराच्या तळाशी जाळी हवीच.

"घर आपलं, परवानगी कशाला?"

यात थोडं तथ्य आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 नुसार फक्त आतल्या भागापुरत्या दुरुस्तीला किंवा सुधारणेला नियोजन परवानगी लागत नाही. टाइल, ओटा, ट्रॉल्या, वायरिंग त्यात येतात. पण ड्राय बाल्कनी बंद करणं, बाहेरच्या भिंतीतली खिडकी बुजवणं हे निव्वळ आतलं काम राहत नाही. तिथे मुंबईत डीसीपीआर 2034 ही विकास नियमावली आणि राज्याच्या बहुतेक भागात 2020 ची एकत्रित विकास नियमावली लागू होते. सोसायटीच्या समितीला लेखी अर्ज तर द्यावाच लागतो.

ओपन किचनसाठी भिंत पाडण्याआधी इमारत कशी बांधली आहे हे विचारा. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत ती भिंत वरचे मजले पेलत असू शकते. ॲल्युमिनियम शटरिंगच्या, म्हणजे मिवान पद्धतीच्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीही बहुधा काँक्रीटच्या असतात, त्यामुळे चिमणीचं सहा इंची भोकसुद्धा स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा दाखवूनच पाडा. तुळईतून तर मुळीच नाही. आणि हे भोक टाइल लावण्याआधी पाडून घ्या, कारण कोअर कटिंगच्या, म्हणजे यंत्राने गोल भोक कापण्याच्या धक्क्याने नव्या टाइलांना तडे जाऊ शकतात.