अमेरिकेत वसाहत निवडताना

सतराव्या-अठराव्या शतकातल्या अमेरिकेत, इंग्रजांच्या एखाद्या वसाहतीत स्थायिक व्हायचं पक्कं केलंत, उत्तम. आता शाळेच्या पुस्तकातला तो तक्ता विसरा: उत्तरेच्या वसाहती, मधल्या, दक्षिणेच्या, हवामान, जमीन, पीक. परीक्षेपुरता ठीक आहे तो. संसार मांडायला निघालेल्या माणसाने एवढंच विचारून घ्यावं की तिथे राबतं कोण. उत्तरात तुमचं नाव आलं, तर पुढची वसाहत बघा.

पैशाची घाई असेल तर व्हर्जिनिया. फक्त 1607 च्या पहिल्या जहाजांतून जाऊ नका. त्यांत सोनं शोधायला निघालेले सद्गृहस्थ भरपूर आणि नांगर धरणारे कमी. 1609-10 च्या हिवाळ्यात जेम्सटाउनात लोकांनी घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, उंदीर खाल्ले आणि शेवटी मेलेली माणसंही. तुम्ही दमाने जा. 1612 च्या सुमारास जॉन रॉल्फ तंबाखूचं नवं बियाणं लावतो आणि वसाहत चालवणाऱ्या कंपनीला एकदाचं विकण्याजोगं काहीतरी सापडतं. 1618 नंतर गेलात तर सोन्याहून पिवळं: ज्याच्या प्रवासाचा खर्च तुम्ही कराल, अशा प्रत्येक डोक्यामागे तुम्हाला 50 एकर जमीन. डोकं त्याचं, जमीन तुमची. तो करारापोटी चार ते सात वर्षं तुमच्या शेतात तंबाखूचे शेंडे खुडणार, पानं उलटीसुलटी करून अळ्या वेचणार आणि चिरडणार. मुदतीआधीच तापाने गेला, तरी 50 एकर कुठे जात नाहीत. ही जमीन इथल्या मूळच्या पोव्हाटन लोकांची होती असं कुणी म्हणालं, तर ऐकू न आल्यासारखं करा. तंबाखू तीन-चार वर्षांत रानाचा कस काढते, नवी जमीन लागतेच. तेव्हा हे न ऐकणं अंगवळणी पडलेलं बरं.

तंबाखूवर टीका करणारं प्रवचन ऐकावं लागेल, ही धास्ती नको. पाद्रीबुवांचा पगारच तंबाखूत ठरलेला आहे, 1696 च्या कायद्याने वर्षाला 16,000 पौंड वजनाची तंबाखू.

करारबद्ध नोकरांची एक कटकट असते. मुदत संपली की तेही जमीन मागतात, आणि 1676 मध्ये बंडखोर नॅथॅनिअल बेकनच्या मागे जाऊन जेम्सटाउन जाळतात. 1619 पासून येऊ लागलेल्या आफ्रिकन माणसांच्या बाबतीत विधिमंडळाने ही अडचण हळूहळू, पण नीट विचार करून दूर केली आहे. 1662 चा कायदा सांगतो, आई गुलाम तर मूल गुलाम. बाप कोण, हे कायदा विचारत नाही, मग तो मालक का असेना. यातला आर्थिक बारकावा तुमच्यासारख्या कुटुंबवत्सल माणसाच्या लक्षात आला असेलच. बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम मोकळा होत नाही, हे 1667 मध्ये निराळं लिहून ठेवलंय. आत्मा देवाचा, बाकी तुमचं.

पोरांच्या शिक्षणाचं काय, म्हणता? व्हर्जिनियाचे गव्हर्नर बर्कली यांनी 1671 मध्ये इथे मोफत शाळा नाहीत आणि छापखानाही नाही, याबद्दल देवाचे आभार मानले. शाळाच हवी असेल तर मॅसॅच्युसेट्सला जा. तिथे 1647 च्या कायद्याने 50 घरांच्या गावाला मास्तर ठेवावाच लागतो, नाहीतर सैतान लोकांना बायबलपासून दूर ठेवील. मात्र स्वतःचं मत सामानात नेऊ नका. रॉजर विल्यम्सने नेलं, त्याला हद्दपार व्हावं लागलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मेरी डायर पुन्हा पुन्हा परत येत राहिली. तिला 1660 मध्ये फाशी दिलं. ख्रिसमस साजरा केलात तर 5 शिलिंग दंड, तोही 1681 पर्यंत.

शेतात दगड फार, म्हणून इथली खरी शेती समुद्रात. कॉड मासा साफ करायचा, खारवायचा, माचांवर वाळवायचा, मग प्रतवारी लावायची. चांगला माल स्पेन-पोर्तुगालला. तुटका, वास मारणारा माल वेस्ट इंडीजला, उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना खायला. येताना काकवी आणायची, तिची रम गाळायची, आणि शेजारच्या ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट बंदराच्या व्यापाऱ्यांकडून थोडी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाठवायची, तिथे रमच्या बदल्यात माणसं मिळतात. तुमच्या अंगणात चाबूक वाजत नाही. रविवारी दक्षिणेतल्या मळेवाल्यांना नावं ठेवायला तुम्ही मोकळे. (गुलामगिरीला कायद्यात जागा मॅसॅच्युसेट्सने 1641 मध्येच करून दिली होती, पण चारचौघांत हे काढू नये.)

स्वभाव मवाळ असेल तर पेनसिल्व्हेनिया. ज्या दुसऱ्या चार्ल्सने मुंबई वर्षाला 10 पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, त्यानेच 1681 मध्ये हा मुलूख विल्यम पेनला दिला, वर्षाला बीव्हरची दोन कातडी आणि सोनं-चांदी निघालंच तर पाचवा हिस्सा, एवढ्यावर. दोन्हीकडे मूळ रहिवाशांना विचारल्याची नोंद नाही. गहू उत्तम पिकतो, जर्मन शेजारी कष्टाळू आहेत. त्यातले काही 1688 मध्ये गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहितात. क्वेकर सभा ते आदराने वाचते आणि वरच्या सभेकडे पाठवते. पेन स्वतः तिथल्या मूळच्या लेनापे लोकांशी बरा वागला. त्याच्या मुलांनी 1737 मध्ये जुना कागद काढला: माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन आमची. मग त्यांनी वाट साफ करून घेतली आणि तीन पट्टीचे चालणारे भाड्याने आणले. एकच शेवटपर्यंत टिकला, पण साठ-पासष्ट मैल गेला. करारात ‘चालेल’ लिहिलं होतं, ‘रमतगमत’ नव्हे.

दक्षिण कॅरोलायनाचा भात आपल्याकडच्या माणसाला मोह घालील. खाचरं आखणं, उखळात कांडणं, टोपलीत पाखडणं हे पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांना आधीपासून येतं. उन्हाळ्यात खाचरांतून हिवताप निघाला की मालकाने चार्ल्सटनला हवापालटाला जावं. खाचरं तुमच्यावाचून अडत नाहीत.

आणि मन अगदीच खात असेल तर जॉर्जिया. तिथे वसाहत चालवणाऱ्या विश्वस्तांनी 1735 मध्ये रम आणि गुलाम दोन्हींवर बंदी घातली आहे. घाबरू नका, नाराज वसाहतवाल्यांचे अर्ज फिरताहेत. अनाथाश्रम चालवणारे धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्डही तुमच्याच बाजूचे: गुलामांशिवाय आश्रमाचा खर्च भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. 1747 मध्ये त्यांनी शेजारच्या दक्षिण कॅरोलायनात गुलाम राबवायला मळा घेतलाही. 1751 मध्ये बंदी उठते. तोवर वेळ जात नसेल तर तुती लावा. विश्वस्तांना रेशमाची फार आशा आहे.