फिरायला जाताना धर्म कशाला?

आमच्या मुस्लिम गटाच्या किनाऱ्यावरच्या पदभ्रमंतीची छायाचित्रे मी आज सकाळी इथे टाकली आणि दुपारपर्यंत त्यांखाली एक प्रतिक्रिया आली : "निसर्गात तरी धर्म आणू नका." लिहिणारे कोणी अनोळखी असते तर मी ती पुसून टाकून कामाला लागले असते. पण ती प्रतिक्रिया माझ्या जवळच्या मैत्रिणीची आहे, अनेक प्रश्नांवर माझ्या बाजूने उभ्या राहिलेल्या मैत्रिणीची, आणि तुमच्यापैकी अकरा जणांना ती आवडली आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

त्या छायाचित्रात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ककमीर नदीच्या मुखाशी, दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर चाळीसेक माणसे जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज पढताना दिसतात. किब्ला, म्हणजे नमाजेत तोंड करायची मक्केची दिशा, तिथून आग्नेयेला येते, त्यामुळे समोर सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या कड्यांची रांग आणि उजव्या हाताला समुद्र. शेवटच्या ओळीत, डावीकडून दुसरी, राखाडी स्वेटर घातलेली बाई माझी अम्मी आहे.

अम्मी नऊ वर्षांपासून माझ्याकडे राहते. आमच्या घरापासून समुद्र गाडीने अर्ध्या तासावर आहे आणि या नऊ वर्षांत ती एकदाही त्याच्या काठावर गेली नव्हती. मी दर उन्हाळ्यात विचारायचे आणि ती दर वेळी वेगळे कारण सांगायची. कधी गुडघे, कधी वारा, कधी घरातले काम. खरे कारण तिने त्या दिवशी गाडीत सांगितले. वजू, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणे, कुठे करायचा, नमाज कुठे पढायची, आणि पढताना पाठीमागून कोणी काही बोलले तर? "नमाजेत नजर सजद्याच्या, कपाळ टेकायच्या, जागी ठेवायची की कान मागे लावून बसायचे?" असे ती म्हणाली. हे वाक्य मी तेव्हापासून विसरू शकलेले नाही आणि आजची प्रतिक्रिया वाचल्यावर पहिल्यांदा तेच आठवले.

वेगळा गट कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी सांगावे की नऊ वर्षांत मला एकटीला जे जमले नाही ते या गटाने एका सकाळी कसे केले. चाळीस माणसे बरोबर असल्यावर मागे कान लावून बसावे लागत नाही, एवढेच त्याचे उत्तर आहे.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर अम्मीने हळूच विचारले की समुद्राच्या पाण्याने वजू होतो का. गटातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तिला ती प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, सांगितली. समुद्रावर जाणाऱ्या एका माणसाने पैगंबरांना विचारले होते की आमच्याकडे गोडे पाणी थोडेच असते, त्याने वजू केला तर प्यायला उरत नाही, मग समुद्राच्या पाण्याने करावा का. आणि त्याचे पाणी पाक आहे, असे उत्तर मिळाले होते. अम्मीला ही हदीस ठाऊक नव्हती असे नाही. तिला ती दुसऱ्या कोणाच्या तोंडून, त्या पाण्यासमोर उभे राहून ऐकायची होती. तिने बाह्या वर केल्या, वाकली, आणि लाट येण्याची वाट पाहिली. पाणी इतके थंड होते की तिच्या तोंडून "या अल्लाह" निघाले आणि आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या.

तर मैत्रिणी, निसर्गात धर्म आम्ही आणलेला नाही. ज्या ग्रंथावर आमची श्रद्धा आहे तोच आम्हाला पृथ्वीवर फिरा आणि सृष्टीची सुरुवात कशी झाली ते पाहा, असे सांगतो. उभे असताना, बसलेले असताना, कुशीवर पडलेले असताना अल्लाहचे स्मरण करणाऱ्या आणि आकाश-पृथ्वीच्या रचनेवर विचार करणाऱ्या माणसांचे त्यात कौतुक आहे. या विचार करण्याला तफक्कुर म्हणतात, आणि तो चार भिंतींच्या आतच करावा असे कुठेही सांगितलेले नाही. सगळी पृथ्वी नमाजेची जागा आहे, अशीही हदीस आहे.

मला खरा राग येतो तो यातल्या भेदाचा. याच देशात स्कॉटलंडमधल्या मेलरोझपासून लिंडिसफार्न बेटापर्यंत सुमारे १०० किलोमीटरची सेंट कथबर्ट या ख्रिस्ती संताच्या नावाची वाट आहे, आणि तिच्या शेवटी ओहोटीच्या वेळी लोक अनवाणी, वाळूत रोवलेल्या खांबांच्या रेषेने समुद्रातून चालत जातात. त्यांची छायाचित्रे पाहून आपण सगळे "किती सुंदर" असे लिहितो, मीही लिहिले आहे. आणि २०२१च्या नाताळच्या दिवशी हारून मोटा यांनी सुरू केलेल्या मुस्लिम हायकर्स या गटाची शंभराहून अधिक माणसे पीक डिस्ट्रिक्टमध्ये मॅम टॉर या टेकडीवर चालायला गेली, तेव्हा त्यांच्या छायाचित्रांखाली काय काय लिहिले गेले ते तुम्ही वाचले होते आणि माझ्याइतकेच संतापला होतात. मग आज काय झाले? तुमचे शब्द सभ्य आहेत, एवढ्याने त्या शब्दांचे काम बदलते का?

हे मान्य करते की चाळीस माणसे एका अरुंद वाटेवर आली की इतरांना थांबावे लागते, आणि दोन मुले छायाचित्रासाठी कड्याच्या अगदी कडेला गेली होती, ते चुकीचेच होते. त्या किनाऱ्यावरचा कडा सतत ढासळत असतो. पुढचे बेल टूट दीपगृह १९९९ साली अख्खेच्या अख्खे १७ मीटर मागे सरकवावे लागले होते. गटप्रमुखांनी त्या मुलांना सर्वांसमोर खडसावले आणि ते योग्यच झाले.

पण मला लिहायचे आहे ते चढाविषयी. सेव्हन सिस्टर्स म्हणजे एकामागून एक चढ-उतार. पैगंबरांचे सोबती चढताना अल्लाहु अकबर म्हणत आणि उतरताना सुबहानल्लाह. पहिल्याच चढावर कोणीतरी हे सांगितले आणि मग कोणी काही न ठरवता तसेच सुरू झाले, मोठ्याने नव्हे, श्वासाबरोबर. अम्मीला गुडघ्यांमुळे दर पन्नास पावलांवर थांबावे लागत होते. तिच्याबरोबर पाच बायका थांबत होत्या, त्यातल्या तिघींची नावेही तिला ठाऊक नव्हती. तिसऱ्या माथ्यावर ती गवतात बसली, पायाजवळचा एक पांढरा तुकडा उचलला, आणि तिच्या बोटांना तो लागला तशी चमकून माझ्याकडे पाहू लागली. अम्मीने एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे. "हा सगळा खडूच आहे?" तिने विचारले. मी सांगितले की हो, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या कवचांचा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने कुराणातल्या सूरह कहफ या अध्यायातली ती आयत म्हटली, समुद्राची शाई झाली तरी माझ्या रबची वचने लिहून होण्याआधी समुद्र संपून जाईल, अशा अर्थाची. ती आयत तिला लहानपणापासून पाठ आहे. समुद्राकडे बघत म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकले.

याला तुम्ही निसर्गात धर्म आणणे म्हणत असाल, तर म्हणा. लिहायला बसले तेव्हा मी फार चिडले होते. आता तेवढी नाही. मैत्रिणीची प्रतिक्रिया मी पुसणार नाही, कारण तिने हे वाचावे आणि शक्य असेल तर पुढच्या वेळी आमच्याबरोबर यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. नमाजेच्या वेळी तिने बाजूला बसून समुद्र पाहावा; तसे बसणारे त्या दिवशीही दोघे-तिघे होते.

अम्मीला मी प्रतिक्रियेचे काही सांगितलेले नाही. तो खडूचा तुकडा तिच्या खिडकीत, जपाच्या तसबीहशेजारी आहे. त्या दिवशी तिने शेजारणीचे बूट दोन जोड मोजे घालून वापरले होते, आणि आज संध्याकाळी तिने मला विचारले की तिच्या मापाचे मिळतील का, पुढची तारीख कळली आहे म्हणून.