पत्त्यांचं बुद्धिबळ

परवा आत्तेभाऊ मुक्कामाला आला होता. जेवणं झाली, बडीशेपेची डबी फिरली आणि गाडी त्याच्या आवडत्या विषयावर आलीच. "दादा, पोकर म्हणजे पत्त्यांचं बुद्धिबळ आहे. स्किल गेम. सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय."

कोर्टानं १९६८ साली कौशल्याचा खेळ म्हटलं ते रमीला. पण ते सोडा. पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मला शंभर टक्के मान्य आहे. माझी भीती तिथूनच सुरू होते.

आधी आमच्या बाजूची कबुली देतो. बुद्धिबळात नशीब नसतं, असं आम्ही पटावर बसणारे छाती फुगवून सांगतो, ते तितकंसं खरं नाही. चीनच्या डिंग लिरेनचंच बघा. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या २०२२ च्या कँडिडेट्स स्पर्धेतून रशियाचा कर्याकिन बंदीमुळे बाहेर गेला, म्हणून डिंगला जागा मिळाली. तिथे तो दुसरा आला. मग तेव्हाचा जगज्जेता कार्लसन म्हणाला, मला आता जगज्जेतेपदासाठी खेळायचंच नाही, म्हणून दुसऱ्या नंबरवाल्याला सामना मिळाला. आणि २०२३ मध्ये हा गडी अस्तानात टायब्रेकवर जगज्जेता झाला! पुढच्या वर्षी सिंगापूरला गुकेशविरुद्ध साडेसहा-साडेसहा अशी बरोबरी, चौदावा आणि शेवटचा डाव, बरोबरीकडे निघालेला. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती नको त्या घरात नेला आणि मुकुट गेला. गुकेशचं नशीब? असेल थोडं. पण हातात फारसं काही नसताना तो तासन्‌तास तो डाव रेटत बसला होता, हेही खरं.

तर नशीब दोन्हीकडे आहे. प्रश्न एवढाच, की ते धुऊन जायला किती डाव लागतात?

बुद्धिबळात फार लागत नाहीत. खेळाडूची ताकद मोजणाऱ्या एलो गुणांच्या हिशेबानं चारशेचा फरक असला की वरचा खेळाडू शंभरातले साधारण ९१ गुण घेतो. हजाराचा फरक असेल, म्हणजे माझ्यासारखा रविवारचा खेळाडू ग्रँडमास्टर दिव्या देशमुखसमोर बसला, तर तीनशे डावांत माझ्या वाट्याला जेमतेम एक गुण येईल. तोही तिला शिंक आली म्हणून. (आमच्या नाशिकच्या विदितनं २०२४ च्या कँडिडेट्समध्ये अमेरिकेच्या नाकामुराला दोनदा हरवलं. एकदाच हरवलं असतं तर फ्लूक म्हणणारे निघाले असते. दुसऱ्यांदा हरवल्यावर कोण बोलणार?)

आता पोकर. तुमच्या हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे राजांची, सगळे पैसे मध्ये, टेबलावरचे दोघांचे सामायिक पत्ते अजून उघडायचे. शंभरात साधारण ८२ वेळा एक्के जिंकतात. उरलेल्या १८ वेळा तुम्ही काहीही न चुकता हरता, आणि समोरचा टेबल थापटत उठतो.

हे नशीब किती चिवट असतं, ते यंत्रांच्या लढतींत दिसतं. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं ते सहा डावांत. २०१७ मध्ये लिब्रॅटस नावाचा प्रोग्रॅम पिट्सबर्गला चार व्यावसायिक पोकरपटूंशी खेळला, तेव्हा वीस दिवसांत १ लाख २० हजार हात, म्हणजे पत्त्यांचे डाव, खेळावे लागले. शिवाय तेच पत्ते बाजूंची अदलाबदल करून दुसऱ्या खोलीतल्या खेळाडूला वाटायचे, म्हणजे चांगल्या-वाईट पत्त्यांचा हिशेब दोन्हीकडून फिटेल. एवढा खटाटोप केला तेव्हा कुठे ठामपणे म्हणता आलं, की यंत्र सरस आहे.

आत्तेभाऊ महिन्याला किती हात खेळत असेल? दोन हजार? तीन? एवढ्यात आपण चांगले की वाईट, हे त्याला कळणार कसं? जिंकला की स्वतःचं स्किल, हरला की फुटकं नशीब. पटावर ही सोय नाही. तिथे चाली लिहिलेल्या असतात, घरी जाऊन इंजिनला विचारा, तुमची लाज सविस्तर मांडून मिळते.

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एकदा बुद्धिबळावर पैज सुरू झाली होती, डावाला एक कटिंग आणि वडापाव. चार दिवस टिकली. कॅशियर साहेब सगळ्यांना हरवायचे, मग त्यांच्यासमोर कोणी बसेना. उलट दिवाळीची आमची तीन पत्ती मला आठवतं तेव्हापासून चालू आहे, कारण तिथे धाकट्या काकूही कधीतरी सगळ्यांचे खिसे रिकामे करून जातात.

पोकरमधलं नशीब हेच काम करतं. कच्च्या खेळाडूला ते अधूनमधून जिंकवतं, म्हणून तो परत येतो. २००३ मध्ये मनीमेकर आडनावाचा अमेरिकन अकाउंटंट थोडक्या पैशांच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून लास वेगासला पोकरच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि ८३८ जणांना मागे टाकून २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्याला पाहून जगभरचे किती अकाउंटंट स्क्रीनसमोर बसले असतील! निव्वळ लॉटरी असती तर सगळे सारखेच बुडाले असते. इथे कौशल्य आहे, त्यामुळे पैसा कच्च्याकडून पक्क्याकडे एकाच दिशेनं सरकतो, फक्त हळूहळू, आणि दर डावातून ॲपवाला आपला वाटा आधी काढून घेतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आली, कौशल्याचे असोत वा नशिबाचे. सरसकट बंदीनं अड्डे बंद होतात यावर माझा फारसा विश्वास नाही. पण कौशल्य की नशीब हा वाद कायद्यानं बाजूला ठेवला, ते मला पटलं.

हे सगळं आत्तेभावाला ऐकवलं. तो मान हलवत होता, पटल्यासारखं नाही, झोप आल्यासारखं. शेवटी कपाटातून पट काढला आणि म्हटलं, "चल, कौशल्यच पाहिजे ना? डावाला शंभर रुपये."

त्यानं पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्याशी? वेडा आहेस का दादा, कशाला फुकट हरू?"