ब्लॉक नंतर करा, आधी १९०९

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि वडिलांचा फोन वाजला. वडील ७९ वर्षांचे आहेत आणि वाजणारा फोन न उचलणे हा त्यांच्या पिढीत उद्धटपणा समजला जातो. त्यामुळे उजवा हात ताटातच ठेवून त्यांनी डाव्या हाताने फोन कानाला लावला आणि नेहमीच्या सुरात "हां, बोला" म्हणाले. पलीकडून पर्सनल लोनची माहिती सुरू झाली. पेन्शन पुरते, घराचे हप्ते केव्हाच फिटले आणि या वयात कर्ज काढून जायचे तरी कुठे, हे सगळे त्यांनी त्या मुलीला शांतपणे समजावून सांगितले. तोवर वरणावर साय धरली होती. जेवण झाल्यावर मी त्यांचा फोन घेऊन तो क्रमांक ब्लॉक केला. त्या वेळी ब्लॉक केलेल्या क्रमांकांची यादी सहज वर सरकवली, तर ती संपेचना. त्यातला प्रत्येक क्रमांक मीच कधी ना कधी त्यात टाकलेला होता आणि तरीही फोन येतच होते.

त्या दिवसापासून माझे मत बदलले आहे. स्पॅम क्रमांक नुसता ब्लॉक करणे म्हणजे आपल्या अंगणातला कचरा शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे लोटणे होय. फोन करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तो पुढचा क्रमांक फिरवतो, आणि उद्या दुसऱ्या सिमवरून पुन्हा आपल्याकडेच येतो. तक्रारीचे तसे नाही. ती मोजली जाते.

ही मोजणी कशी होते ते सांगतो, कारण याबाबतचे आपल्या बहुतेकांचे ज्ञान 'डीएनडी (जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद) लावले होते, काही उपयोग झाला नाही' इथेच थांबलेले असते. नको असलेल्या जाहिरातींच्या फोनसाठी नोंदवही २००७ पासून आहे, आणि सध्याची नियमावली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१८ मध्ये केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या नियमावलीत जे बदल झाले, ते मला महत्त्वाचे वाटतात. पूर्वी जाहिरातीच्या फोनसाठी नोंदणी नसलेल्या क्रमांकावर कारवाई सुरू होण्यासाठी ७ दिवसांत १० तक्रारी लागत. आता १० दिवसांत ५ पुरेशा आहेत. तक्रार करायला पूर्वी ३ दिवसांची मुदत होती, ती आता ७ दिवसांची झाली आहे. दूरध्वनी कंपनीला कारवाईसाठी ३० दिवस मिळत, ते ५ वर आले. मुख्य म्हणजे, अशा नोंदणी नसलेल्या क्रमांकाविरुद्ध तक्रार करण्यासाठी आपण आधी डीएनडीत नाव घातलेले असण्याचीही गरज उरलेली नाही. पहिल्या वेळी त्या क्रमांकाची जावक सेवा १५ दिवस बंद होते, आणि पुन्हा तेच केले तर त्या माणसाची सगळी दूरध्वनी जोडणी, सगळ्या कंपन्यांकडची, वर्षभरासाठी तोडली जाते. एका क्रमांकावरून रोज शेकडो लोकांना फोन जात असतील, तर त्यातल्या पाच जणांनी दोन मिनिटे काढली की पुरे. ते पाच जण निघत नाहीत, हीच खरी अडचण आहे.

तक्रारीची रीत साधी आहे. १९०९ वर फोन करावा किंवा ज्या फोनवर त्रास झाला त्याच फोनवरून संदेश पाठवावा. त्यात समोरचा क्रमांक, तारीख आणि काय विकत होते ते एका ओळीत लिहावे. ट्रायचे डीएनडी नावाचे ॲपही आहे. मात्र पैसे गेले असतील तर इथे वेळ घालवू नये, थेट १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक लावावा.

आता जी बाजू मला खटकते, ती लिहितो. माझ्या पहिल्या तीन तक्रारींपैकी एक 'आपली पूर्वसंमती आहे' असे उत्तर देऊन बंद करण्यात आली. ही संमती मी कधी दिली याचा विचार करता करता एका कपड्यांच्या दुकानाचे बिल आठवले. तिथे गल्ल्यावरच्या मुलाने मान वर न करता "नंबर सांगा" म्हटले होते आणि मीही घडाघडा दहा आकडे सांगून मोकळा झालो होतो. मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय बिल नाही असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच बजावले आहे. तरीही मागे रांग उभी असताना "नंबर देणार नाही" म्हणणारा माणूस आपल्याकडे भांडखोर ठरतो. मी हल्ली तसे म्हणतो. दहापैकी नऊ वेळा तो मुलगा काहीही न बोलता बिल देतो, कारण त्यालाही त्या क्रमांकाशी काही देणेघेणे नसते.

सरकारी यंत्रणेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे आणि बँकांच्या व्यवहाराच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत. संदेश पाठवणाऱ्याच्या नावाअखेरीस आता 'पी' दिसला तर ती जाहिरात आणि 'जी' दिसला तर तो सरकारी, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. वडिलांना मी फक्त एवढेच शिकवले आहे की बँकेचे नाव सांगणारा फोन साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला, तर तो बँकेचा नाही असे समजून ठेवून द्यायचा. अर्थात चाळणी लावली की कधी पीठही अडकते. मार्च २०२१ मध्ये संदेशांची अशीच छाननी सुरू झाली, तेव्हा अनेक बँकांनी व कंपन्यांनी आपले मजकूर नोंदवलेलेच नव्हते. त्यामुळे लोकांचे ओटीपीच अडले आणि ट्रायला ती छाननी सात दिवस थांबवावी लागली होती. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या जाहिरातींना तर ही नियमावली लागूच होत नाही, त्यामुळे बरीचशी मंडळी आता तिकडे सरकू लागली आहेत.

फोनवरच्या मुलांना शिव्या घालण्याच्या मात्र मी ठाम विरोधात आहे. आमच्याच सोसायटीतला एक मुलगा बारावीनंतर वर्षभर हे काम करत होता. दिवसाला किती शिव्या खाल्ल्या याची त्यांच्यात पैज लागे, असे तो सांगतो. शिवी त्याच्यापर्यंतच पोचते. त्याला यादी पुरवणारा मालक मजेत असतो. तक्रारीने निदान त्या मालकाची जोडणी तुटते.

वडिलांनी आता फोनशेजारी जुनी डायरी ठेवली आहे. फोन आला की ते क्रमांक, तारीख आणि विषय सुवाच्य अक्षरात लिहून ठेवतात आणि मी दर रविवारी जेवणाआधी त्यांच्याच फोनवरून एकेक तक्रार पाठवतो. सात दिवसांच्या मुदतीत ते बरोबर बसते. गेल्या आठवड्यात चार नोंदी होत्या. तिसऱ्या नोंदीपुढे त्यांनी कंसात लिहिले होते, 'मुलगी गोड बोलत होती, हिची करू नये.' मी ती केली, आणि त्यांना तसे सांगितलेही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तिच्या साहेबाचं नाव लिहायला जागा नाही का त्यात?"